सातवं ताट

माणसं सहा होती आणि आईने ताटं सात मांडली होती.

धाकटीच्या हे लक्षात आलं तेव्हा तिच्या हातात पाण्याचा जग होता आणि ती ओळीने पेले भरत चालली होती. बाबांचा, आईचा, दादाचा, वहिनीचा, आत्याचा, स्वतःचा. मग टेबलाच्या टोकाला, खिडकीकडे पाठ केलेल्या खुर्चीपुढे, आणखी एक. तिने जग खाली ठेवला. स्वयंपाकघरात आई ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून काकड्या चिरत होती, म्हणजे चिरून झालेल्या काकड्याच पुन्हा बारीक करत होती.

"आई, कोण येणार आहे?"

"कोण यायचंय? शाळेतलं कोणी आलंच बाबांना भेटायला, तर असावं म्हणून मांडलं."

शाळा म्हणजे गाडी शिकवण्याची शाळा. आजोबांनी एका जुन्या गाडीवर ती सुरू केली, बाबांनी वाढवली आणि आता दादा चालवत होता. अर्धं शहर बाबांच्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकलं होतं. आज बाबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली होती. खालच्या ऑफिसला कुलूप होतं, अंगणात शिकाऊची पाटी लावलेल्या गाड्या उन्हात उभ्या होत्या आणि वरच्या घरात सगळे जेवायला जमले होते.

"शाळेतल्या माणसाला तू निळ्या काठाच्या ताटात वाढत नाहीस," धाकटी म्हणाली.

आईची सुरी थांबली. "जावईबापूंचा फोन आला होता. बाबांना शुभेच्छा द्यायला येतो म्हणाले. आता आपणहून येतो म्हणणाऱ्या माणसाला मी काय, नका येऊ म्हणू?"

"हो. तेच म्हणायचं होतं."

"अगं, चार माणसांत बसलात, दोन शब्द बोललात, तर काही बिघडत नाही. मी काही तुला त्यांच्याबरोबर जा म्हणत नाहीये."

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. तिने सासूकडे पाहिलं, मग नणंदेकडे, आणि हळूच म्हणाली, "तू निघतेस का? मी खालपर्यंत येते." धाकटीने पर्स उचलली. तेवढ्यात खालचं फाटक वाजलं आणि जिन्यावर पावलं आली. त्या पावलांची लय तिला झोपेतही ओळखता आली असती. तिने पर्स परत खुर्चीला अडकवली. जिन्यात त्याच्या समोरासमोर येण्यापेक्षा माणसांत बसलेलं बरं.

तो लिफ्टच्या कंपनीत होता. शहरातल्या कितीतरी इमारतींच्या लिफ्टा तपासायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून दादा त्याला लग्नाच्या आधीपासून थट्टेने लिफ्टमास्तर म्हणायचा, आणि पुढे घरभर तेच नाव झालं. मनमिळाऊ माणूस. आवाज कधी चढायचा नाही. सासरी आला की हातात काही ना काही काम घ्यायचा. आजही बाबांच्या हातात केकचा खोका दिला, त्यांच्या पाठीसाठी गाडीच्या सीटवर ठेवायची उशी दिली, आणि हात धुवायला गेला तो बेसिनचा गळका नळ आवळूनच आला.

"बघा," आई म्हणाली, "मी महिनाभर ह्याला सांगतेय." ह्याला म्हणजे दादाला.

"मास्तर, तुम्ही आमची अब्रू घालवणार," दादा हसला.

धाकटीकडे त्याने फक्त एकदा पाहिलं. "बरी आहेस?" म्हणाला, आणि खिडकीकडे पाठ करून बसला.

लग्नानंतर पहिल्या वर्षी तो तिला रोज कामावरून घ्यायला यायचा. ती दात बनवायची. दातांचे डॉक्टर मापं पाठवत, आणि मेण, प्लास्टर, पोर्सिलेनची भट्टी असा प्रवास करून तिच्या हातून दात तयार होत. शेजारच्या दाताशी रंग असा जुळवायचा की ज्याच्या तोंडात बसला त्यालाही विसर पडावा. लॅबमधल्या बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस बाई, आमचे तर स्टेशनवरही घ्यायला येत नाहीत. मग तो लवकर यायला लागला. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा राहायचा. मग फोन: कुठे आहेस, कोण आहे शेजारी, जरा कॅमेरा फिरव. मग एकदा ती सहकाऱ्याच्या गाडीतून घरी आली, त्या रात्री तो काहीच बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्या सहकाऱ्याच्या इमारतीची लिफ्ट तपासायला गेला. तसं त्याने तिला जेवताना सांगितलं. सांगितलं एवढंच.

वर्षाच्या सुरुवातीला ती घर सोडून निघाली. आता सगळं सुटलं असं तिला वाटलं होतं. पण सुटलं ते घर. तो तिच्या मागे आलाच नाही, तो आधीच तिथे असायचा. ती ज्या डॉक्टरकडे दात पोचवायला जायची त्या इमारतीच्या खाली, खांद्याला हत्यारांची पिशवी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. "लिफ्ट बघायला आलोय," म्हणायचा. लिफ्टवाल्याला कुठे चाललास असं कोणी विचारत नाही, उलट वॉचमन उठून दार उघडतो. पोहायच्या तलावाच्या बाहेर. वाचनालयाच्या रांगेत, तिच्या पुढे दोन माणसं सोडून. एकदा तिच्या गाडीचा वायपर बदललेला होता. रात्री त्याचा निरोप आला: काच नीट पुसली जात नव्हती, म्हणून नवा घातला. निरोप वाचून ती गाडीतून उतरून फुटपाथवर बसली होती, आणि घरी सांगितल्यावर आई म्हणाली होती, "एवढं करतो कोण गं हल्ली?"

म्हणून नवी खोली घेताना तिने दोन गोष्टी पाहिल्या. एक, इमारतीला लिफ्ट नको. दुसरी, पत्ता वहिनीशिवाय कोणाला सांगायचा नाही.

जेवण सुरू झालं. बाबा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते. आयुष्यभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसल्यामुळे त्यांना एक खोड लागली होती. शिकवण्याच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक असे, आणि घरातसुद्धा बोलणं भलत्या दिशेला निघालं की त्यांचा उजवा पाय टेबलाखाली जमिनीवर दाबला जाई. आज तो पाय पहिल्या घासापासूनच दाबलेला होता.

गप्पांची गाडी आईनेच ढकलली. "वन्सं, मला आज तुमच्या यजमानांची फार आठवण येतेय," ती आत्याला म्हणाली. "तुमची अख्खी नोकरी होईपर्यंत तुमच्या शाळेच्या फाटकाशी उभे राहिले. ऊन म्हणू नका, थंडी म्हणू नका. एक दिवस चुकवला नाही. बायकोवर जीव असणं म्हणजे काय, ते आम्ही त्यांच्याकडे बघून शिकलो."

ही गोष्ट घरात प्रत्येक समारंभाला निघायची. आत्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, आणि काका शाळा सुटायच्या आधी येऊन फाटकाला टेकून उभे राहायचे. धाकटीच्या लग्नात तर कोणीतरी भाषणातही सांगितली होती. आत्याने ऐकलं, "हं," म्हणाली आणि घास चावत राहिली.

"लिफ्टमास्तर," दादा म्हणाला, "मी फोन बदललाय, तर त्यात ते गाड्यांचं ॲपच उघडत नाही. जेवण झाल्यावर जरा बघून द्याल?"

शाळेच्या गाड्यांना ट्रॅकर बसवून देण्याचं काम दोन वर्षांपूर्वी लिफ्टमास्तरनेच केलं होतं. कोणती गाडी कुठे आहे, कोणता शिक्षक विद्यार्थ्याला घेऊन सिनेमाला गेलाय, सगळं दादाला बसल्या जागी दिसायचं. धाकटी चालवायची ती गाडीही शाळेचीच होती, पाटी आणि दुसरा ब्रेक काढून तिला दिलेली.

"तुमच्या फोनचंच काहीतरी असेल," तो म्हणाला. "माझ्याकडे व्यवस्थित चालतंय."

दादाने मान हलवली आणि भाजी वाढून घेतली. वाक्य सगळ्यांच्या कानावरून गेलं. फक्त वहिनीने नजर वर केली.

आई म्हणाली, "ऊन तरी काय पडतंय यंदा. दुपारी घरात बसवत नाही."

"हो ना," लिफ्टमास्तर म्हणाला. त्याने भाताचं भांडं धाकटीच्या दिशेने सरकवलं. "हिच्या खोलीत तर सरळ पलंगावर येतं. पिवळे पडदे दिसायला छान आहेत, पण कापड जरा जाड घ्यायला हवं होतं."

इतक्या सहज म्हणाला की आई हसूनच "हो का?" म्हणाली. धाकटीने भाताचं भांडं घेतलं नाही. त्याने हे सगळ्यांसमोर म्हटलं होतं आणि तरी ते फक्त तिच्यासाठी होतं, हे तिला कळलं, आणि हे इतर कोणाला कधीच पटवून देता येणार नाही, असंही त्याच क्षणी वाटलं. इतके महिने तसंच तर होत आलं होतं. वायपरचं काय सांगायचं? रांगेत उभं राहण्याचं काय सांगायचं?

पण वहिनीने चमचा खाली ठेवला होता.

"पडदे मी शिवलेत," वहिनी म्हणाली. "काल सकाळी जाऊन मीच लावले. पिवळे आहेत हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही."

"मला तर खोली घेतलीय एवढंच माहीत," दादा म्हणाला.

लिफ्टमास्तर पाणी प्यायला. "मग आईच म्हणाल्या असतील फोनवर. हो ना आई? आपलं रोजच बोलणं होतं."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईचं तोंड किंचित उघडलं. धाकटीला वाटलं, आता ही हो म्हणणार. ह्या घरातली सगळी भांडणं आईने अशीच मिटवली होती, कोणाचं तरी खोटं स्वतःच्या पदरात घेऊन. बाबांच्या सिगरेटी, दादाची नापास झालेली परीक्षा, सगळं तिने "माझंच चुकलं" म्हणून झाकलं होतं. आणखी एक पडद्यांचं झाकलं असतं तर कोणाला नवल वाटलं नसतं.

"मी कशी सांगणार?" आई म्हणाली. आवाज बारीक होता. "मला खोली कुठे आहे तेच माहीत नाही, जावईबापू. तिने मला पत्ता दिलेला नाही. दिला तर मी तुम्हाला सांगेन, म्हणून."

हे वाक्य बोलताना ते तिला स्वतःलाही पहिल्यांदाच ऐकू आलं असावं. ती थांबली. पोहायचा तलाव, वाचनालयाचे वार, दातांच्या डॉक्टरांची नावं, रोज फोनवर कौतुकाने सांगितलेलं एकेक तिच्या डोळ्यांपुढून जात होतं, हे धाकटीला समोरून दिसत होतं.

बाबांनी घसा साफ केला. "खिडकी कुठल्या बाजूला आहे तुझी?"

"मागच्या. रस्त्यावरून दिसत नाही."

"मागे काय आहे?"

"नवी इमारत. उंच."

बाबा जावयाकडे वळले. गाडी शिकायला आलेल्या माणसाला आरसे नीट लावलेत का विचारावं, तसं त्यांनी विचारलं, "तिथली लिफ्ट तुमच्याकडे आहे?"

"आहे. कंपनीने दिलीय. मी मागून घेतलेली नाही."

"लिफ्टचं मशिन कुठे असतं?"

"गच्चीवर," तो म्हणाला. प्रश्न कामाचा होता, उत्तर आपोआप आलं. मग त्याने रुमाल काढून तोंड पुसलं.

"बाबा, मला एक सांगा," तो शांतपणे म्हणाला. "मी हिला कधी बोट लावलंय? विचारा तिला, ती खोटं बोलणार नाही. शिवी दिलीय? दारू पिऊन आलोय? बाई एकटी राहते. उद्या काही झालं तर तुम्हीच म्हणाल, नवरा असून लक्ष नव्हतं. मी लक्ष ठेवतो. त्रास द्यायचा असता तर मी वर गेलो असतो. तिसऱ्या मजल्यावर डावीकडचं दार, कडी सुद्धा धड नाही. गेलोय का मी?"

दादा अस्वस्थ झाला. त्याला लिफ्टमास्तर मनापासून आवडायचा. शाळा डबघाईला आली होती तेव्हा ह्याच माणसाने सुट्टीच्या दिवशी येऊन ऑफिसचं वायरिंग नवीन करून दिलं होतं. "म्हणजे... तसं त्यांचं म्हणणं..." दादाने सुरुवात केली. "काळजीपोटीच ना. थोडं जास्त होतं, पण आत्या, तूच सांग. काका पण तर..."

आत्याने ताट पुढे सरकवलं.

"काका पण," ती म्हणाली. "बरं झालं काढलंस. मी सांगते काका काय ते."

आत्या बोलायला लागली की वर्गासारखी शांतता व्हायची, आजही झाली.

"शाळेत एक वेळ अशी होती, मधल्या सुट्टीनंतरची, की मला तास नसायचा. त्या वेळात मी नकाशांच्या खोलीत दार लावून बसायची. काही करायची नाही. नुसती बसायची. दिवसभरात तेवढीच वेळ अशी, जेव्हा मला कोणी बघत नव्हतं. एकदा शाळा लवकर सुटली. मी मागच्या दाराने निघाले आणि बागेत जाऊन बसले. कोणाला भेटायला नाही, कशाला नाही. एका बाकावर बसले, उठले, घरी आले. ह्यांनी दार उघडलं आणि विचारलं, बाक ओला होता का?"

"वन्सं," आई म्हणाली.

"ओला होता. माझ्या साडीला लागलेलं दिसलं असेल म्हणून मी मागे वळून बघितलं. साडी कोरडी होती. मी रुमाल अंथरला होता ना बसताना. तेही त्यांनी बघितलं होतं." आत्याने भावाकडे पाहिलं. "भाऊ, मी तुझ्याकडे आले होते तेव्हा. तुला म्हटलं, हे माझ्या मागावर असतात. तू हसलास. म्हणालास, लोकांचे नवरे बायका कुठे आहेत ते विचारतसुद्धा नाहीत. मग मी पुन्हा कोणाकडे गेले नाही. तुम्ही सगळ्यांनी ती गोष्ट करून टाकलीत आणि मी ऐकत आले. ते गेले त्या वर्षी मी बागेत रोज जायची. लोक म्हणायचे, बिचारी, आठवणीत बसते. मला हसू यायचं."

बाबांनी बहिणीकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि त्यांचा टेबलाखालचा पाय सुटला. ते उठून उभे राहिले. लिफ्टमास्तरच्या खुर्चीशी गेले. आवाज चढवला नाही, त्यांना चढवताच येत नसे.

"तुमचं जेवण झालं असेल," ते म्हणाले. "उठा."

"बाबा, वाढदिवसाच्या दिवशी..."

"केक घेऊन जा. उशी पण."

तो उठला. ताट स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, तेवढं वळण त्याच्या अंगात होतं. तो दारात बूट घालत असताना धाकटीला बैठकीच्या खोलीतून त्याची पाठ दिसत होती. ती आतच राहिली असती, पण दादा त्याला सोडायला गेला होता आणि दादा एकटा नको असं तिला वाटलं. ती दारापर्यंत गेली.

लिफ्टमास्तरने बुटाची नाडी बांधली आणि वर न बघता हळू आवाजात म्हटलं, "हे तू बरं नाही केलंस. इतके दिवस मला घरातून कळत होतं, म्हणून मी लांब होतो. आता कोणी सांगणार नाही. मग मलाच जवळ यावं लागेल ना?"

दादा त्याच्या शेजारीच उभा होता. त्याने ऐकलं. धाकटीने भावाचा चेहरा पाहिला आणि गेल्या काही महिन्यांत पहिल्यांदाच तिला काही समजावून सांगायची गरज वाटली नाही.

तो गेल्यावर दादा आत आला आणि म्हणाला, "तो ट्रॅकर मी आत्ताच्या आत्ता उपटून फेकतो. माझ्याकडे चालतंय म्हणाला. च्यायला, मी बसून भाजी खात होतो."

"हात लावू नका," वहिनी म्हणाली. "तसाच राहू दे. तो त्याच्या फोनवर बघतोय हे दाखवावं लागेल. काढलात तर आपल्याकडे काय उरतं?"

"दाखवायचं कोणाला?"

वहिनीने धाकटीकडे पाहिलं. हा निर्णय तिचा होता.

धाकटी ह्याआधी एकदा पोलीस चौकीच्या दारापर्यंत गेली होती आणि परतली होती. आत जाऊन म्हणायचं काय? नवरा वायपर बदलतो? पण आज घरातल्या पाच माणसांनी पडद्यांचं ते वाक्य ऐकलं होतं, आणि दारातलं दादाने. "जाऊ या," ती म्हणाली. "आत्ताच. उद्या सकाळी मला पुन्हा वाटायला लागेल की एवढं काही नाही."

आत्या म्हणाली, माझे गुडघे तेवढे चालणार नाहीत, पण माझा जबाब घ्यायला बोलावलं तर येईन, आणि ती आडवी झाली. वहिनी धाकटीच्या खोलीचं कुलूप बदलून घ्यायला निघाली. उरलेले चौघे खाली उतरले. दादा आपल्या गाडीकडे वळला तर बाबा थांबले.

"हिचीच गाडी घे."

"बाबा, त्या गाडीला ट्रॅकर आहे. आपण कुठे चाललोय ते त्याला दिसेल."

"दिसू दे," बाबा म्हणाले आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

धाकटीने गाडी चालवली. रविवारचे रस्ते मोकळे होते. आई मागे दादाच्या शेजारी बसली होती आणि पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. एका सिग्नलला तिने विचारलं, "मी पोहण्याचं सांगितलं होतं. तलावाच्या बाहेर आला होता का गं तो?"

"हो."

"आत?"

"नाही. बाहेरच. माझे केस ओले असताना मी कशी दिसते, ते नंतर लिहून पाठवलं."

धाकटीला तिची समजूत घालावीशी वाटली नाही. राग होता, आणि तो आज आईसाठी लपवायचा नाही असं तिने ठरवलं. बाबांनी वळणावर पाय दाबला, सवयीने, आणि ती म्हणाली, "बाबा, माझ्या गाडीत तुमच्या बाजूला ब्रेक नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. पाय तसाच राहिला.

चौकीत एक अधिकारी बाई होत्या. मध्यम वयाच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला, टेबलावर अर्धवट खाल्लेला डबा. त्यांनी डबा बंद केला आणि धाकटीला समोर बसवलं.

"मारहाण?"

"नाही."

"आधी कधी?"

"कधीच नाही."

धाकटी वाट पाहत राहिली. आता बाई पेन ठेवणार, असं तिला वाटलं. बाईंनी पेन ठेवलं नाही. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मारलं नाही असं लिहिते. मग काय करतो ते सांगा. त्याचा हेतू काय असेल ते नको, तो आपण त्याला विचारू. तो कुठे होता आणि तुम्ही कुठे होतात, एवढंच सांगत चला."

तिने सांगितलं. झेरॉक्सच्या दुकानापासून सांगितलं. तिला वाटलं होतं त्याहून ते लांबलं, आणि वाटलं होतं त्याहून सोपं गेलं, कारण बाईंनी एकदाही "का" विचारलं नाही. दादाने ॲपबद्दल सांगितलं. दारातलं वाक्य त्याने जसंच्या तसं म्हटलं, आणि म्हणताना त्याला मध्येच थांबावं लागलं. बाईंनी त्याला पाणी दिलं. मग म्हणाल्या की पाठलाग हा स्वतःच गुन्हा आहे, त्यासाठी थप्पड लागत नाही. त्याला बोलावून घेऊ, कंपनीकडून त्याच्या कामाच्या इमारतींची माहिती मागवू, आणि तिच्या जवळ यायची बंदी घालून घेऊ. "लगेच सगळं थांबेल असं मी सांगणार नाही," त्या धाकटीला म्हणाल्या. "काही जण थांबतात. काही जणांना दोनदा सांगावं लागतं. पण इथून पुढे तो जे करेल ते लिहिलं जाईल."

तेवढ्यात आईच्या पर्समध्ये फोन वाजला.

आईने तो काढला, पडद्यावरचं नाव पाहिलं. गाडी चौकीशी येऊन थांबली हे त्याला दिसलं होतं. फोन वाजला की उचलायचा, ही आईची आयुष्यभराची रीत होती. उचलून आधी "जेवलात का?" विचारायचं.

आईने फोन टेबलावर ठेवला, बाईंच्या समोर, नाव त्यांना दिसेल असा. तो वाजत राहिला, बंद झाला, आणि पुन्हा वाजायला लागला. बाईंनी घड्याळात बघून काहीतरी लिहिलं. तिसऱ्यांदा वाजून बंद झाल्यावर बाईंनी आईला विचारलं, "तुम्ही मुलीच्या आई ना?"

"ते नंतर लिहा," आई म्हणाली. तिने खुर्ची पुढे ओढली आणि पदर नीट केला. "आधी साक्षीदार लिहा. त्याला सगळं मीच सांगत होते. काय काय सांगितलं, ते मला पाठ आहे."

बाईंनी नवा कागद घेतला.